टीव्हीवर मोडी वाचताना

“मॅडम, टीव्हीवर अक्षरं दिसत्यात, पर वाचायला येत न्हाईत.”

शैलाताईंचा हा दुसरा फोन. चार दिवसांपूर्वी पहिला फोन आला, तेव्हा मी त्यांना केबल बदलायला सांगितली होती. नुसती सांगितली नव्हती, माझ्या दुकानातली चांगली जाड केबल कुरिअरनं कुरुंदवाडला पाठवलीही होती. आमच्या धंद्यात केबल म्हणजे तापावरची गोळी. रोग कळला नाही की आधी ती द्यायची.

“नवी केबल लावली का?”

“लावली की. काय फरक न्हाय. आप्पांनी खुर्चीच फिरवली. टीव्हीकडं पाठ करून बसल्यात सकाळधरनं.”

मी कोल्हापुरात राजारामपुरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते. पंचवीस वर्षं होत आली. सुरुवातीला गिऱ्हाईक दारातून आत बघायचं आणि विचारायचं, “मेकॅनिक कुटं गेलाय?” मी हातातला स्क्रू ड्रायव्हर दाखवायचे. आता तसं कोण विचारत नाही. दुरुस्तीबरोबर कॉम्प्युटरला टीव्ही जोडून द्यायचं कामही भरपूर असतं. क्लासवाले, दवाखानेवाले, हॉलवाले सगळ्यांनाच मोठा पडदा पाहिजे असतो. त्यामुळे कुरुंदवाडचं काम मला सोपं वाटलं होतं. ते तसं नव्हतं.

आप्पा म्हणजे शैलाताईंचे सासरे. वय ब्याऐंशी. नोकरी सरकारी रेकॉर्ड रूममध्ये झाली. तिथं जुने कागद मोडीत असायचे. मोडी म्हणजे मराठी लिहायची जुनी, पळती लिपी. आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग हात न उचलता तिला अक्षरं लटकवत जायचं. शब्द कुठं संपला हे कळायला मध्ये जागाही सोडत नाहीत. एखादा बाक इकडचा तिकडं झाला की अक्षर बदलतं. आप्पा हे असलं लिखाण वर्तमानपत्रासारखं वाचायचे. निवृत्तीनंतर आसपासच्या गावांतून लोक घरातले जुने कागद घेऊन त्यांच्याकडं यायचे. कापडात बांधलेल्या अशा कागदांच्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. आप्पांच्या खोलीत फळीवर असे पाच रुमाल होते. वाचायचे राहिलेले.

राहिलेले, कारण दोन वर्षांपूर्वी आप्पांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजला. समोर बघितलं की मध्येच करडा ठिपका. कडेचं दिसतं, मधलं नाही. ऑपरेशनचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण त्यांनीच एक सुचवलं होतं. अक्षर वीतभर मोठं करून दाखवलं तर हे मान तिरकी करून वाचू शकतील. भिंगानं भागणार नाही, मोठा पडदा लागेल.

म्हणून शैलाताईंनी त्रेचाळीस इंची टीव्ही घेतला. कागदांचे मोबाईलवर फोटो काढले, मुलाच्या जुन्या लॅपटॉपमध्ये भरले. टीव्हीच्या दुकानातला माणूस येऊन जोडून गेला. त्यानं आधी मोबाईलच बिनतारी जोडायचा प्रयत्न केला म्हणे, पण शैलाताईंच्या मोबाईलमध्ये ती सोयच नव्हती. मग लॅपटॉप. चित्र आलं, तो गेला. आप्पा मान तिरकी करून दहा मिनिटं बघत बसले आणि म्हणाले, “ह्यो कागद न्हवं. ह्ये धुकं हाय.”

“मॅडम, तुम्ही स्वतः येतासा काय?” फोनवर शैलाताई म्हणाल्या. “आप्पांनी पाचीजणांना निरोप धाडलाय. आपापलं रुमाल घेऊन जावा म्हणून. रविवारी गडमुडशिंगीचं पावणं येणार हाईत न्यायला. पयला रुमाल गेला की बाकीचंबी जातील. मग आप्पा काय करणार ओ दिवसभर?”

शैलाताई प्राथमिक शाळेत शिक्षिका. फोनवर बोलताना त्यांचा आवाज नेहमी वर्गात असल्यासारखा खणखणीत असायचा. त्या दिवशी तो खाली आला होता.

मी म्हटलं, “रविवारी सकाळी नऊला येते. तोवर एक काम करा. टीव्हीच्या मागचे आणि लॅपटॉपच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा. जिथं जिथं वायर खुपसता येते, त्या सगळ्या जागांचे.”

हे खरं तर मी पहिल्या फोनलाच मागायला पाहिजे होतं. कुठलंही यंत्र दुसऱ्याला जोडायच्या आधी दोघांचं जमतं का ते बघायचं असतं. लग्नाआधी दोन्ही घरं बघतात तसं. मी न बघताच केबल पाठवून मोकळी झाले होते.

फोटो आले. टीव्हीला तीन एचडीएमआय पोर्ट होते. एचडीएमआय म्हणजे चित्र आणि आवाज एकाच वायरीतून नेणारी चपटी खाच. लॅपटॉपलाही एक होती. म्हणजे भोक भोकाला जमत होतं. पण लॅपटॉपचा मॉडेल नंबर बघितल्यावर माझ्या लक्षात आलं की तो बराच जुना आहे. टीव्ही फोर-के, म्हणजे ठिपक्यांनी गच्च भरलेला. एवढे ठिपके हा लॅपटॉप पाठवू शकत होता, पण दमानं. सेकंदाला तीसच वेळा. नेहमीचा वेग साठचा.

निम्मा रोग मला घरबसल्या सापडला होता. रविवारी सकाळी मी खुशीतच गाडी काढली. हातकणंगले, जयसिंगपूर, शिरोळ करत नऊच्या आत कुरुंदवाडात पोचले.

आप्पा खरंच टीव्हीकडं पाठ करून बसले होते. उंच, सडसडीत. पांढरा सदरा, पांढरी टोपी. मी नमस्कार केला तर मान तिरकी करून माझ्याकडं बघितलं.

“तुमीच का त्या केबलवाल्या बाई?”

“हो. केबल चुकीची पाठवली. दुखणं वेगळंच होतं.”

“चूक कबूल करताय म्हंजे बरं हाय. बसा.”

शैलाताई आतून म्हणाल्या, “मी च्या ठेवतो.” आमच्या कोल्हापूरकडं बायकाही ‘येतो, जातो’च म्हणतात. बाहेरच्या माणसाला गंमत वाटते.

मी लॅपटॉप सुरू केला. टीव्हीवर कागदाचा फोटो लावला आणि माऊसनं सरकवून बघितला. फोटो हिसके देत सरकत होता. बोट पुढं, चित्र मागं.

“आप्पा, असं सरकताना त्रास होत होता का?”

“व्हय. अक्षर पोहतंय. मी धराय गेलो की पळतंय.”

ज्याला डोळ्याच्या कडेनं एकेक अक्षर पकडायचं आहे, त्याच्यासाठी हे फार वाईट. मी सेटिंगमध्ये जाऊन ठिपक्यांची संख्या कमी केली आणि वेग साठवर आणला. आपण अक्षर वीतभर मोठं करणार होतो, तेव्हा ठिपके थोडे कमी असले तरी काही बिघडत नव्हतं. पुन्हा फोटो सरकवला. लोण्यासारखा सरकला.

“आता?”

आप्पांनी खुर्ची थोडी वळवली. पूर्ण नाही, अर्धी. “पोहायचं थांबलं. पर धुकं हाय तसंच हाय.”

आणि एक नवीनच झालं. चित्राच्या चारी कडा टीव्हीच्या बाहेर गेल्या. खालची पट्टी दिसेना, फोटोच्या वरच्या दोन ओळी कापल्या गेल्या. जुन्या टीव्हीच्या काळातली ही खोड आहे. तेव्हा चित्राच्या कडा खराब यायच्या, म्हणून टीव्ही चित्र थोडं फुगवून कडा लपवायचा. खोड अजून गेलेली नाही. मी म्हटलं, हे नंतर बघू, आधी धुकं.

लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनवर तोच फोटो स्वच्छ दिसत होता. म्हणजे फोटो चांगला. मी माझा लॅपटॉप पिशवीतून काढून जोडला. धुकं तसंच. म्हणजे त्यांचा लॅपटॉप निर्दोष. केबल आधीच बदललेली. राहिला टीव्ही. रिमोट घेऊन मी मेनूत शिरले. चित्राचा प्रकार ‘व्हिव्हिड’ होता, म्हणजे दुकानात झगमगीत दिसावा म्हणून असतो तो. तो ‘स्टँडर्ड’ केला. रंग जरा उतरले, धुकं उतरलं नाही. आणखी मेनू, त्यात आणखी मेनू. काही पर्याय करडे, हात लावू देईनात.

साडेदहा वाजले. चहा दोनदा झाला. शैलाताई हळूच म्हणाल्या, “मॅडम, टीव्हीच खराब हाय का? परत द्यायचा का? उद्या शेवटचा दिवस हाय बदलून घ्यायचा.”

मला खरंच माहीत नव्हतं. पंचवीस वर्षं धंदा करून ‘माहीत नाही’ म्हणायला जीभ जड होते. मी म्हटलं, “अर्धा तास द्या.”

तेवढ्यात दारात बुलेट थांबली. गडमुडशिंगीचे तानाजीराव आले होते. पन्नाशीचे, भरदार, मोठ्या आवाजाचे. शेती आणि दहा-बारा जनावरं. आल्या आल्या आप्पांच्या पायाला हात लावला.

“आप्पा, निरोप मिळाला. वाईट वाटलं बगा. पर तुमच्या डोळ्याम्होरं काय न्हाय.”

“डोळ्याम्होरंच काय न्हाय, ह्योच तर घोळ हाय,” आप्पा म्हणाले.

मी रिमोट दाबत राहिले.

तानाजीरावांचा कागद साधा नव्हता. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तो देव्हाऱ्यात ठेवलेला. खापरपणजोबांनी कुठल्याशा लढाईत पराक्रम केला आणि त्याबद्दल सरकारनं दिलेली ही सनद, असं घरात सांगत आले होते. दसऱ्याला त्याची पूजा व्हायची. हळदकुंकू वाहून वाहून कागद डागाळलेला. पण त्यात नेमकं काय लिहिलंय ते कुणालाच वाचता येत नव्हतं. म्हणून दोन वर्षांपूर्वी ते घरातल्या बाकीच्या कागदांसकट तो आप्पांकडं घेऊन आले. आप्पांनी कागद उलगडला, एकदा डोळ्यांखालून घातला, निवांत वाचू म्हणून ठेवला, आणि पुढच्याच आठवड्यात डोळ्यांत तो करडा ठिपका आला.

“ह्यो बगा तुमचाच कागद हाय टीव्हीवर,” शैलाताईंनी दाखवलं.

तानाजीराव बघत राहिले. “आयला! येवढा मोठा! पर ताई, कुंकू लई झालंय की वो.”

आप्पांनी मान वळवली. “काय म्हणालासा?”

“कुंकू म्हणतो. कागदावर येवढं न्हवतं.”

आप्पा उठले. खुर्ची उचलून टीव्हीच्या समोर आणून ठेवली. बसले, मान डावीकडं कलती केली आणि बोटानं हवेत दाखवू लागले.

“बाई, हिकडं या. ही तिसरी ओळ. हितं कुंकवाचा डाग हाय का न्हाय?”

“आहे. अक्षरावरच आहे.”

“तितंच चुकतंय. मी ह्यो कागद डोळं धड हुतं तवा बघितलाय. डाग अक्षराच्या कडंला हुता. फिकट. गुलाबी म्हणावा असला. अक्षरावर न्हवता. आनि त्येच्या फुडं एक बारीक रेघ हुती, केसासारखी. ती हाय का?”

मी लॅपटॉपच्या स्क्रीनवर बघितलं. रेघ होती. टीव्हीवर बघितलं. नव्हती.

“टीव्हीवर नाही, आप्पा.”

“मग तुमचा टीव्ही कागद वाचत न्हाय. कागद लिवतोय.”

या माणसानं दोन वर्षांपूर्वी एकदा बघितलेला कागद डोक्यात ठेवला होता, डाग आणि रेघेसकट. आणि दोन तास मी मेनूत जे शोधत होते ते त्यानं एका वाक्यात सांगितलं होतं. टीव्ही चित्र सुधारत होता.

हे जरा सोपं करून सांगते. टीव्ही हा सिनेमा आणि मॅच बघायला बनवलेला असतो. आलेलं चित्र तो जसंच्या तसं दाखवत नाही. रंग गडद करतो, म्हणजे हिरवळ हिरवीगार दिसते. कडा जाड करतो, म्हणजे चेहरा उठून दिसतो. बारीकसारीक जे असेल ते धूळ समजून पुसतो. चेहऱ्याला हे चालतं. पण फिकट कुंकू गडद करून त्यानं अक्षरावर पसरवलं होतं, शाईच्या कडा जाड करून त्यांना सावल्या दिल्या होत्या आणि केसासारखी रेघ धूळ म्हणून पुसून टाकली होती. मोडीचा जीव अशा रेघांतच असतो.

हे सगळं एकदम बंद करायचा एक मार्ग असतो. टीव्हीला सांगायचं की या खाचेत सिनेमा नाही, कॉम्प्युटर आहे. बऱ्याच टीव्हींत प्रत्येक पोर्टला नाव देता येतं. डिश, गेम, पीसी असं. ‘पीसी’ नाव दिलं की टीव्ही शहाणपणा सोडतो आणि येईल ते गप दाखवतो. मला हे माहीत होतं. पण मी चित्राच्या मेनूत शोधत होते आणि हा पर्याय असतो पोर्टांच्या यादीत.

यादी उघडली. आमच्या दोन नंबरच्या पोर्टला नावं होती, पण त्यात ‘पीसी’ नव्हतं. तीनलाही नव्हतं. एक नंबरला बघितलं. होतं! या मॉडेलमध्ये ती सोय फक्त एकाच खाचेला दिलेली. आणि त्या खाचेत बसला होता डिशचा बॉक्स.

“शैलाताई, डिश काढते.”

“काढा की. पर माझी सिरीयल?”

“दोन नंबरला लावते. सिरीयल दोन नंबरातनंबी तेवढीच रडते.”

त्या खळखळून हसल्या. सकाळपासून पहिल्यांदा. तानाजीरावांनी टीव्ही भिंतीपासून उचलून धरला, मी मागं हात घालून वायरी अदलाबदल केल्या. पोर्टाला नाव दिलं, ‘पीसी’. ओके दाबलं.

टीव्ही क्षणभर काळा झाला. मग चित्र आलं. चारी कडांसकट, खालच्या पट्टीसकट, कापलेल्या दोन ओळींसकट. कागद जुना दिसत होता तसा जुनाच. कुंकू फिकट होऊन कडेला सरकलं होतं. तिसऱ्या ओळीत केसासारखी रेघ स्वतःच्या जागी बसली होती.

आप्पांनी मान कलती केली. ओठ हलू लागले. एक ओळ झाली असेल.

“बाई, जरा थोराड करा.”

मी मोठं केलं.

“आता हळू सरकवा. मी हूं म्हणीन तसं.”

“हूं,” ते म्हणाले. मी सरकवलं. “हूं.” सरकवलं. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तानाजीरावांना म्हणाले, “पावणं, बसा. वाचतो.”

तानाजीराव खाली सतरंजीवर मांडी घालून बसले. हात जोडले. सनदच ती. मलाही वाटलं आपण नीट उभं राहावं.

आप्पांचा आवाज बदलला. कचेरीत वाचून दाखवत असतील तसा झाला.

“श्री. चिरंजीव राणोजीस आईचा अनेक आशीर्वाद. उपरी येथील खुशाल जाणोन तुझे खुशालीचे लिहीत जाणे. विशेष. तू गेल्यास चार मास जाहले. तुझे एक पत्र नाही.”

तानाजीरावांचे जोडलेले हात तसेच राहिले, पण कपाळाला आठी पडली.

“हूं,” आप्पा म्हणाले. मी सरकवलं.

“म्हैस व्याली. रेडी जाहली. कपाळी चांद आहे. लोणचे घातले आहे, ते तू आल्याविना बरणीतून काढणार नाही. तुझे कुत्रे दारी बसते, कोणाचे ऐकत नाही. हे पत्र तात्यांकडोन लिहविले. मी सांगते तैसेच लिहा म्हणोन बजाविले असता ते आपले मनचे घालितात. तरी तू शहाणपण धरून घरी येणे. बहुत काय लिहिणे.”

आप्पा थांबले.

मी तानाजीरावांकडं बघायचं टाळलं. घराण्याचा पराक्रम, देव्हारा, एवढे दसरे. आप्पांचाही चेहरा उतरला. एवढ्या दिवसांनी वाचलं आणि पहिल्याच घासाला समोरच्याचं मन मोडलं, असं त्यांना वाटलं असावं. हळू म्हणाले, “पावणं, जे हाय ते वाचलं. मनचं काय घातलं न्हाय.”

तानाजीरावांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं माणूस रडतोय. तो हसत होता. आधी आवाज न करता, मग एकदम गडगडाटानं, सतरंजीवर हात आपटत.

“आप्पा! म्हंजे आमी इतकी वरसं म्हशीच्या बाळातपणाला हळदकुंकू वाहिलं!”

मग आम्हाला कुणालाच आवरेना. शैलाताई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघराच्या दारातच बसल्या. आप्पा हसताना ठसकले, मी पाणी दिलं, तर ते पाणीही सांडलं.

“पर काय वो,” शैलाताईंनी डोळे पुसत विचारलं, “तो राणोजी परत आला असंल का?”

“आलाच की ताई!” तानाजीराव म्हणाले. “आमचं खापरपणजोबा त्ये. त्ये परत आलं नसतं तर आमी कुटनं आलो असतो?”

मग त्यांनी मोबाईल काढून गडमुडशिंगीला आईला फोन लावला. स्पीकर सुरू केला. “आये, सनद वाचली. ऐक.” आणि आप्पांपुढं मोबाईल धरला. आप्पांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. या वेळी अडखळले नाहीत.

पलीकडून म्हातारीचा आवाज आला, “कपाळाला चांद म्हनलं का?”

“व्हय, चांद हाय,” आप्पा म्हणाले.

“मग तिचीच वाढ ही. आपल्या गोठ्यातबी कपाळाला पांढरा चांद असल्याली म्हस हाय की रं तानाजी! सगळ्यात म्होरची. तुला सांगत हुतो न्हवं, जुनं वाण हाय म्हून!” थोडं थांबून म्हणाली, “सनदेपरास ह्येच बरं. सनद सरकारची. ही आईची हाय.”

तानाजीराव हसायचे थांबले. मोबाईल खाली ठेवून जरा वेळ टीव्हीवरच्या त्या ओळींकडं बघत बसले. त्यांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, तरी बघत होते.

मग उठून म्हणाले, “आप्पा, रुमालात अजून सात कागद हाईत. मी रुमाल न्हेत न्हाय.”

आप्पा सुनेकडं वळले. “शैला, त्या बाकीच्या चौघांना फोन लाव. येऊ नका म्हणावं.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना. आनि दुसरं पान लाव.”

शैलाताईंना फोन लावायचा होता आणि पानही लावायचं होतं. आधी कुठलं करायचं यातच त्या अडकल्या. पान मी लावलं. फोन तानाजीरावांनी लावले, एकेकाला ओरडून सांगत, की आप्पा टीव्हीवर मोडी वाचत्यात आणि सनदेतनं आमची म्हैस निघाली.

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. निघण्याआधी मी पोर्टांची नावं, वेग, ठिपके सगळं एका कागदावर लिहून टीव्हीच्या मागं चिकटवलं. कुणी येऊन वायर हलवली तर परत कसं लावायचं ते. आप्पांना माऊसचं चाक फिरवून फोटो लहानमोठा करायला शिकवलं. दोन मिनिटांत शिकले. पुढं मी बोलत होते ते त्यांनी ऐकलंच नाही, दुसऱ्या पानात शिरले होते.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. पाचही रुमाल संपले. नवीन अकरा आले. शिरोळ, जयसिंगपूरच काय, सीमेपलीकडून कन्नड बोलणारी माणसंही येतात. त्यातल्या एकानं घरी आईसाठी तसाच टीव्ही लावून घेतला. तिला डोळ्यांचा तोच त्रास, तिला फक्त नातवंडांचे फोटो बघायचे होते. तानाजीरावांचा कागद वाचून झाल्यावर परत देव्हाऱ्यातच गेला. फरक इतकाच, की परवाच्या दसऱ्याला पूजेआधी तो मोठ्यानं वाचला. आप्पांनी तो साध्या अक्षरांत मोठा लिहून दिला आहे. म्हातारीनं त्या दिवशी म्हशीलाही ओवाळलं म्हणतात.

धंद्यापुरतं सांगायचं तर मी दोन गोष्टी शिकले. एक, टीव्हीच्या खोक्यावर काय लिहिलंय ते वाचायला फार वेळ घालवू नये, मागच्या खाचा बघाव्यात. कुठल्या खाचेत काय चालतं ते तिथंच ठरतं. दोन, ज्याला कमी दिसतं त्याला आधी विचारावं, की तुम्हाला नेमकं काय दिसतंय. मी दोन तास रिमोट दाबण्याआधी हे विचारलं असतं, तर एक चहा वाचला असता.